पुण्यातल्या एका एनआयसीयूचा (नवजात बाळांच्या आयसीयूचा) रिव्ह्यू, पाचपैकी चार स्टार

हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाहीये, ते आधीच सांगते. कारण त्यांच्याकडे होता होता राहिलेली एक चूक मी इथे लिहिणार आहे, आणि ती आम्हाला कळली ती केवळ त्यांनी स्वतः बोलावून सांगितली म्हणून, नाहीतर जन्मात कळली नसती. नाव घातलं की लोक तेवढंच वाचणार, स्क्रीनशॉट फिरणार, आणि पुढच्या वेळी तिथल्या सिस्टर सांगायच्या आधी दहादा विचार करणार. ते मला अजिबात नकोय. कर्वे रोडच्या आसपास आहे, फक्त लहान मुलांचं आहे, खाली ओपीडी आणि मेडिकल, वर वॉर्ड आणि एनआयसीयू, एवढं पुरे. तुम्ही कुठल्याही एनआयसीयूत गेलात तरी काय बघायचं आणि काय विचारायचं ते यातून कळावं म्हणून सविस्तर लिहितेय.

आमची ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सिंहगड रोडला, जिजू नाशिकला नोकरीला. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, गणपती उठले आणि ताईचं बीपी वाढायला लागलं, पाय सुजले, डोकं दुखायला लागलं आणि ३१व्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. भाची १४०० ग्रॅमची. जिथे डिलिव्हरी झाली तिथे एनआयसीयू नव्हतं, आणि तिथलं कोणीतरी आम्हाला सरळ म्हणालं की तुमची गाडी आहे ना, बाळाला नीट गुंडाळा आणि घेऊन जा, जवळच तर आहे. आम्ही निघालोही असतो कारण त्या वेळी डोकं चालत नाही. पण या हॉस्पिटलला फोन केला तर तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, बाळाला कुठेही हलवू नका, आम्ही येतोय. ॲम्ब्युलन्स आली त्यात डॉक्टर, एक सिस्टर आणि प्रवासात बाळाला उबदार ठेवणारं इनक्युबेटर. नंतर त्यांनी समजावलं की इतक्या लहान बाळाच्या अंगात चरबीच नसते, कातडी पातळ, गाडीच्या एसीत किंवा खिडकीच्या वाऱ्यात ते काही मिनिटांत गार पडतं, आणि गार पडलं की साखर घसरते, श्वास बिघडतो. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसमध्ये हवं. पोचल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं तर तापमान घेऊन लिहून ठेवलं, पैसे भरायचा कागद नंतर आला. इथेच मला जरा धीर आला.

ताईला बीपीमुळे डिस्चार्ज मिळेना, जिजूंची ये-जा, त्यामुळे आत जायची परवानगी माझ्या नावाने घेतली. मावशीला आत सोडतात हे मला माहीतच नव्हतं, बऱ्याच ठिकाणी आईवडिलांशिवाय कोणाला घेत नाहीत. इथे म्हणाले आई येईपर्यंत एक ठरलेलं माणूस चालेल, रोज बदलायचं नाही.

आता दारापासून सांगते. दाराबाहेर बेसिन आहे, त्याच्यावर हात धुवायचं चित्र, साबणाने ४० ते ६० सेकंद, कोपरापर्यंत. अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटातला दोरा, सगळं काढायचं, मोबाईल झिपच्या पिशवीत. आमच्या आईचा बांगड्यांवरून जीव अडकला, सवाष्णीने हात मोकळे ठेवू नयेत म्हणून. सिस्टर अजिबात तुटकपणे बोलल्या नाहीत, म्हणाल्या काकू, बांगडीच्या आत पाणी पोचत नाही, जंतू तिथेच राहतात आणि यांच्या अंगात अजून लढायची ताकद नाहीये, बाहेर आलात की लगेच घाला. आईने काढल्या. काचेतून बघायलाच उभी होती ती, तरी काढल्या.

पण ज्यामुळे मी या जागेवर विश्वास टाकला तो प्रसंग वेगळाच. एकदा मोठे डॉक्टर राऊंडला घाईत आले आणि तसेच आत निघाले, हातात घड्याळ. दाराशी साफसफाई करणाऱ्या मावशी होत्या, त्या म्हणाल्या सर, घड्याळ. बस, एवढंच. डॉक्टर थांबले, घड्याळ काढलं, परत हात धुतले, थँक्यू म्हणाले आणि आत गेले. मावशींच्या चेहऱ्यावर भीती नव्हती की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी बऱ्याच हॉस्पिटलांत बसलेय, वडिलांच्या आजारपणात तर फारच, हे मी कधी पाहिलं नव्हतं. साफसफाईवाल्या बाईला मोठ्या डॉक्टरला थांबवता येतं, म्हणजे तिथे कोणीही कोणालाही थांबवू शकतं, आणि मला वाटतं बाळं वाचतात ती यानेच, मशिनं तर काय आता सगळीकडेच आहेत.

औषधांचं सांगते. मोठ्या माणसाला एक गोळी म्हणजे एक गोळी. इथे प्रत्येक थेंब वजनावर. रोज सकाळी वजन, ते कॉटवरच्या पाटीवर लिहायचं आणि त्यावरून डोस परत काढायचा. मिलीलीटरच्या बारीक भागांत औषध जातं तेव्हा एक टिंब इकडचं तिकडे झालं की डोस दहापट. म्हणून तिथे अर्धा लिहायचा तर टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच, ०.५ असं, आणि पाच लिहायचे तर नुसते ५, पुढे टिंब-शून्य नाही, कारण टिंब पुसट दिसलं तर पन्नास वाचलं जातं. शिवाय दोन सिस्टर मोठ्याने वाचतात, एक कागदावरून आणि एक सिरिंजवरून. सुरवातीला मला तो आवाज नकोसा व्हायचा, मग कळलं की तो आवाजच बाळाची राखण आहे. कॉरिडॉरमध्ये बसून मी मोबाईलवर वाचत बसायचे, त्यात अमेरिकेतली २००७ ची केस वाचली, लॉस एंजेलिसच्या नामांकित हॉस्पिटलात एका नटाच्या जुळ्यांना रक्त पातळ करणारं हेपॅरिन हजारपट दिलं गेलं, १० युनिटच्या बाटलीऐवजी १०,००० ची, दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या. बाळं वाचली. म्हणजे पैसा, नाव, मशीन सगळं असूनही होतं ते.

दुधाच्या नळीची सिरिंजपण वेगळी आहे, रंगीत, ती सलाईनच्या नळीला बसतच नाही. दूध चुकून शिरेत जायला नको म्हणून. हे सगळीकडे असतंच असं नाही, विचारून घ्या.

आता ती चूक.

एनआयसीयूत बाळाला नाव नसतं, आईच्या नावाने ओळखतात, बी/ओ अमुक, म्हणजे अमुकचं बाळ. ताईचं नाव प्रियांका, आणि नेमकी त्याच वेळी आत अजून एक प्रियांका, म्हणजे तिचं बाळ. वजनंही जवळजवळ सारखी. ताई नर्सिंग होममध्ये दूध काढायची, मी ते आईसबॉक्समधून राजाराम पुलावरून घेऊन यायचे, बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहिलेलं, आणि तिथे आल्यावर ते बाळाचा नंबर चिकटवून फ्रिजमध्ये ठेवायचे, २४ तासांत वापरायचं. एका संध्याकाळी सिस्टरनी फ्रिजमधून बाटली काढली ती बी/ओ प्रियांका अशीच होती पण दुसऱ्या प्रियांकाची. नियमाप्रमाणे एकीने बाटलीवरचा नंबर वाचला, दुसरीने बाळाच्या पायातल्या पट्ट्यावरचा. जुळेना. तिथेच थांबलं. बाळाच्या पोटात थेंबही गेला नाही.

हे मी बघितलेलं नाही, मी तेव्हा खाली चहाला गेले होते. थोड्या वेळाने इन्चार्ज सिस्टर आणि ड्युटी डॉक्टर दोघी आल्या, मला बाजूच्या खोलीत बसवलं, जिजूंना फोन लावून स्पीकरवर घेतलं आणि सगळं सांगितलं. काय झालं, कसं पकडलं गेलं, बाळाला काही झालेलं नाही, आणि आता आम्ही काय बदलतोय. सिस्टरचं नाव घेऊन तिला चोर ठरवलं नाही, त्या सिस्टरपण नंतर येऊन माझ्याशी बोलल्या, डोळे भरलेले. मला विचारलं तुम्हाला काही सुचतंय का. मी सुन्न होते, काही सुचलं नाही, जिजू म्हणाले आडनाव मोठ्या अक्षरात लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कॉट खोलीच्या दोन टोकांना, दोन्हींवर पिवळं स्टिकर, त्यावर सेम नेम, आणि दुधाचे ट्रे वेगळे, आडनाव मोठ्या अक्षरात.

आमच्या घरी त्या रात्री वादळ. आई म्हणाली आत्ताच्या आत्ता बाळ हलवा. काका म्हणाले पोलिसात जायला पाहिजे. मीपण हादरलेच होते, दुसऱ्या आईचं दूध म्हणजे साधी गोष्ट नाहीये, ते रक्तासारखंच धरतात, चुकून गेलं तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी सगळ्या टेस्ट कराव्या लागतात. पण मी रात्रभर विचार केला की हलवून नेणार कुठे, तर जिथे हे कोणी सांगणार नाही तिथे. एकसारखी नावं, फ्रिजमधल्या एकसारख्या बाटल्या, बारा तास पायावर उभी असलेली सिस्टर, हे कुठल्या एनआयसीयूत नसतं? फरक एवढाच की इथे ते पकडायची पद्धत होती, ती त्या संध्याकाळी चालली, आणि बाळापर्यंत न पोचलेली चूकसुद्धा त्यांनी आम्हाला सांगितली. ताईला मी सकाळी सांगितलं तर ती म्हणाली, राहू दे तिथेच. आईला पटायला वेळ लागला पण पटलं.

नावांचा घोळ जगभर आहे हेपण नंतर वाचलं. न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओरे हॉस्पिटलात पूर्वी कॉम्प्युटरवर नुसतं बेबी बॉय, बेबी गर्ल टाकायचे, त्यांनी आईचं नाव जोडायला सुरवात केली तर चुकीच्या बाळाच्या नावाने जाणाऱ्या ऑर्डरी साधारण ३६ टक्क्यांनी कमी झाल्या, २०१५ चा अभ्यास आहे. आपल्याकडे आईचं नाव आधीपासून लावतातच, पण प्रियांका, पूजा, स्नेहल एकाच खोलीत दोन-दोन निघणारच, म्हणून नंबर. तुमचं बाळ आत असेल तर पट्ट्यावरचा नंबर पाठ करा आणि काहीही द्यायच्या आधी तुम्हीच मोठ्याने म्हणा. आम्ही तेच केलं, आणि सिस्टर वैतागल्या नाहीत, उलट म्हणाल्या असंच म्हणत जा.

आम्ही ॲडमिट असतानाच १७ सप्टेंबर आला. त्या दिवशी जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो, मला माहीतही नव्हतं, आणि २०२५ चा विषय नेमका नवजात बाळं आणि मुलांची सुरक्षित काळजी. भिंतीवर नारिंगी पोस्टर लावलेलं, सिस्टरनी नारिंगी रिबिनी लावलेल्या. पोस्टर काय कोणीही लावतं, पण यांनी त्या दिवशी सगळ्या नातेवाईकांना बसवून सांगितलं की तुम्ही आम्हाला कायकाय विचारू शकता. हात धुतले का विचारा. हे औषध कशाचं विचारा. रात्री एका सिस्टरकडे किती बाळं आहेत विचारा. मी हे शेवटचं लगेच विचारलं. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एक सिस्टर, बाकीच्यांत रात्री तीन बाळांमागे एक. मला ते तीन जास्तच वाटतात, मी तसं म्हटलंही, त्या म्हणाल्या आम्हालाही वाटतात, माणसं मिळत नाहीत. उत्तर आवडलं नाही पण खरं होतं.

एका बाबांनी आगीचं विचारलं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली, ते आपल्या महाराष्ट्रात कोण विसरेल. एनआयसीयूत ऑक्सिजन असतो, वायरी असतात, आणि बाळं काही उठून पळणार नाहीत. त्यांनी मागचं दार उघडून दाखवलं, ते कुलूपबंद नव्हतं, जिना मोकळा, फायर एक्स्टिंग्विशरवर तारीख चालू. पण जिन्यात खालच्या मजल्यावर खोके ठेवलेले मी स्वतः पाहिले, सांगितलं तर दुपारपर्यंत उचलले. उचलले ते चांगलं, पण मुळात ठेवले कसे? याचे मार्क कापते.

कांगारूबद्दल, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायच्या पद्धतीबद्दल, लिहायलाच पाहिजे. बाळ जरा स्थिर झाल्यावर सिस्टर मला म्हणाल्या मावशी, तुम्ही घेता का कांगारूला. मला वाटलं आईशिवाय चालत नाही, तर चालतं, बाबा, आजी, मावशी कोणीही निरोगी माणूस. बाळाला फक्त टोपी आणि डायपर, छातीला छाती, डोकं एका बाजूला, नाक मोकळं, वरून कापडाने बांधायचं. ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू झाली. आता तर भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला, २०२१ ला छापून आला, त्यात जन्मल्यापासून लगेच कांगारू दिलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले. डब्ल्यूएचओ आता दिवसाला ८ ते २४ तास सांगतं. मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा मॉनिटरवरचा तिचा श्वासाचा आकडा माझ्या डोळ्यादेखत शांत होत गेला. मी रडले, लपवत नाही. पण इथे माझी तक्रार आहे. एवढं सगळं माहीत असताना खुर्च्या प्लॅस्टिकच्या, मागे रेलता येत नाही, तासाभरात पाठीचा काटा ढिला होतो, आणि सिझर झालेल्या बाईला तर त्या खुर्चीत बसणं म्हणजे शिक्षा. ताई आल्यावर तिला अर्ध्या तासाच्या वर बसवेना. ८ तास म्हणता तर टेकून बसायच्या चार खुर्च्या घ्या ना, एका मशीनच्या किमतीत वॉर्डभर येतील.

ऑक्सिजनबद्दल एक गोष्ट मला तिथेच कळली. मॉनिटरवर ९३ दिसलं की मी घाबरायचे, कोविडमध्ये आपल्या डोक्यात बसलंय की आकडा जितका वर तितकं बरं. सिस्टर मात्र ९८ दिसलं की ऑक्सिजन कमी करायच्या. विचारल्यावर सांगितलं की ऑक्सिजन चालू असताना इतक्या लहान बाळाला ९० ते ९५ मध्येच ठेवायचं, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, त्याला आरओपी म्हणतात, वेळेत पकडलं नाही तर दृष्टी कायमची जाते. कमी झाला तरी जिवाला धोका. म्हणून अलार्म दोन्ही बाजूंना लावलेले, आणि अलार्म कोणी गप्प करून निघून गेलं असं मला तरी दिसलं नाही, दरवेळी कोणीतरी बाळाकडे बघायचं, मग बटणाकडे.

आमच्या आईचे बाकीचे प्रश्न तर होतेच. काजळ कधी घालायचं, गुटी कधी उगाळायची, जिभेवर मध लावायचा का, घरी नेल्यावर शेगडी आणि धुरी. तिथल्या इन्चार्ज सिस्टर लातूरकडच्या, त्यांनी आईला बाजूला घेऊन एकेक सांगितलं. काजळात शिसं असू शकतं आणि बोटाने डोळ्यात जंतू जातात. मध वर्षभर नाही, त्यातल्या जंतूच्या बीजांनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. गुटी सहाणेवर उगाळली की सहाण कितीही धुतली तरी जंतू आले, आणि सहा महिने दुधाशिवाय काहीच नको, डॉक्टरांनी लिहिलेली औषधं सोडून. धुरी तर मुळीच नाही, हिची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. पण तेलाचा हलका हात चालेल, अंगाईला ना नाही, तुमची गोधडीपण आणा, फक्त धुऊन उन्हात वाळवून, म्हणाल्या. आई खूश. हेच जर कोणी अडाणीपणा आहे म्हणून झटकलं असतं तर आईने घरी गुपचूप सगळं केलं असतं, मी तिला ओळखते.

ऑक्टोबरच्या सुरवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली आणि सगळा कॉरिडॉर हादरला. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन, ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही ते ४८ टक्क्यांच्या वर निघालं, मुलांच्या किडन्या गेल्या, वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली काही आपल्या नागपुरात उपचार घेत होती. ज्यांची मोठी मुलं घरी होती ते सगळे घरी फोन करून कपाटातल्या बाटल्यांची नावं वाचून घेत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी खाली ओपीडीत फळ्यावर लिहून टाकलं, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला खोकल्या-सर्दीचं औषध नाही, पाच वर्षांच्या आत शक्यतो नाही, केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने ३ ऑक्टोबरला तेच कळवलंय. आणि जुनी बाटली परत वापरायची नाही, शेजारच्या मुलाची तर नाहीच. चार ओळी, मराठीत. मला फार आवडलं ते.

आता तो पाचवा स्टार कशाला कापला. डिस्चार्ज.

इतके दिवस एकेका थेंबाला दोन-दोन माणसं वाचणारं हॉस्पिटल, आणि घरी जायच्या दिवशी दुपारी बिलाच्या रांगेत, लिफ्टच्या गर्दीत, एक तीन पानी इंग्रजी कागद हातात. औषधं पटापट सांगितली. त्यात व्हिटॅमिन डी ड्रॉप्स १ एमएल रोज, एवढंच. स्ट्रेंग्थ, म्हणजे १ एमएलमध्ये औषध किती, ते नाही. खालच्या मेडिकलमध्ये ती बाटली संपलेली, म्हणून घराजवळच्या मेडिकलमधून घेतली, तिथला मुलगा म्हणाला तेच आहे, फक्त कंपनी वेगळी. ताईने घरी खोका वाचला, कारण एनआयसीयूत वाचायची सवयच लागलेली, तर त्यावर १ एमएलमध्ये ८०० युनिट. हॉस्पिटलमध्ये चालू होतं ते ४०० वालं. फोन केला तर लगेच उचलला आणि म्हणाले अर्धा एमएल द्या किंवा ४०० ची बाटली आणा, आणि कागदावर स्ट्रेंग्थ लिहायला हवी होती, आमच्याकडून राहिलं. ८०० ने लगेच काही झालं नसतं म्हणाले, पण बाजारात एका छोट्या बाटलीत ६०,००० युनिट असणारीही औषधं मिळतात, मोठ्यांना आठवड्याला एक देतात ती, आणि तसली एखाद्या तान्ह्या बाळाला रोज गेली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. तापाच्या औषधाचं तसंच. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये १ एमएलला १०० मिग्रॅ, आणि सिरपमध्ये ५ एमएलला १२५ किंवा २५०. नाव तेच, सिरपच्या मापाने ड्रॉप्स दिले तर दुप्पट किंवा चौपट डोस. आपण सगळे घरात किती एमएल देऊ एवढंच विचारतो. किती एमएल, कुठल्या स्ट्रेंग्थचं आणि कुठल्या वजनाला, हे तिन्ही विचारा, आणि चमच्याने नाही, सिरिंजने मोजा, स्वयंपाकघरातला चमचा प्रत्येकाचा वेगळा.

मी इन्चार्ज सिस्टरना जाऊन हे सांगितलं. म्हटलं आत तुम्ही दोघी वाचता, घरी वाचणारं दुसरं माणूस म्हणजे आम्हीच, तर आम्हाला वाचता येईल असा कागद द्या. मराठीत एक पान, औषधाचं नाव, स्ट्रेंग्थ, किती एमएल, किती वाजता, आणि त्या सिरिंजवर पेनाने रेघ मारून. त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या फॉलोअपला गेलो तर म्हणाल्या स्ट्रेंग्थचा शिक्का केलाय, मराठी पान अजून व्हायचंय. झालं की मी इथे येऊन पाचवा स्टार देईन.

बाकी फुटकळ. टू व्हीलर लावायला जागा नाही, मेट्रोने नाहीतर रिक्षाने जा. आयांना रात्री थांबायला एकच खोली आणि त्यात बाथरूम एक. बिल रोजच्या रोज दाखवतात, दर दारात लावलेत, त्यात लपवाछपवी नव्हती. पण महाग आहे, आमचा इन्शुरन्स बाळाला पहिल्या दिवसापासून लागू नव्हता, जिजूंनी पीएफमधून काढले. ज्यांना परवडणार नाही त्यांनी लाजू नये, सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, आणि प्रश्न विचारायचा हक्क तिथेही तेवढाच आहे.

आणि ३४ आठवड्यांच्या आधी किंवा २ किलोच्या आत जन्मलेलं बाळ असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत पहिली झालीच पाहिजे, फारच लहान असेल तर त्याही आधी. डिस्चार्ज आधी मिळाला, बाळ छान दूध पितंय, बघतंय, दिवाळी तोंडावर आलीये, घरी पाहुणे आहेत, काहीही असो. आमची पहिली तपासणी तिथेच झाली, रक्तवाहिन्या अजून पूर्ण वाढलेल्या नाहीत म्हणून दर दोन आठवड्यांनी बोलावलं. डोळ्यात थेंब टाकून बाळ रडतं, बघवत नाही, ताई बाहेर उभी राहते, मी आत जाते. तारीख मात्र एकही चुकवलेली नाही.